सुजलेला खर्ज

जनार्दन खोपकर मस्कतला आला तेव्हा त्याचे केस काळे होते. ते पांढरे झाले तरी या शहरात आपल्याला एकही धड कान भेटला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. माणसं भेटली होती पुष्कळ. रुवीच्या बाजारात सोन्याच्या दुकानापुढे ताटकळणारी, मुंबईला जाताना दूधपावडर आणि बदामांनी बॅगा फुगवणारी, नवी जपानी गाडी घेतली की पेढे वाटत फिरणारी. आणि त्या गाडीत स्पीकर कुठले? तर गाडीबरोबर आलेले! अशा गाडीत बसायची वेळ आली की जनार्दन दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करायचा. मग गाडीचा मालक ओशाळून गाणं बंद करायचा आणि जनार्दनला तेवढंच हवं असायचं.

नोकरी कुरुम भागातल्या एका कन्सल्टंट कंपनीत. इमारतीला किती सिमेंट, किती सळ्या, किती लाद्या लागतील याचे अंदाज काढायचे. त्याबद्दल तो फारसा बोलत नसे. बोलायचा तो कानांबद्दल. त्याच्याकडे अमेरिकेहून मेव्हण्याने आणलेले इअरफोन होते. साधे नव्हेत, कानात खोलवर खोचायचे, पुढे रबरी टोप्या असलेले, बाहेरचं जग बंद करून टाकणारे. एकेका कानात दोन-दोन इवले स्पीकर. त्या वेळी ओमानमध्ये तसे कुणी पाहिलेही नव्हते. "यापुढे माणसाने कानात घालावं असं जगात काही उरलेलं नाही," असा निकाल त्याने देऊन टाकला होता आणि चार वर्षं तो फिरवायची वेळ आली नव्हती.

त्याची बायको शुभदा त्यांना 'तुमची कानातली' म्हणायची. "माझ्या कानातल्यांपेक्षा महाग आहेत," ती पाहुण्यांना सांगायची, "आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ हेच घालून मिरवतात."

शुक्रवारी सकाळी अल् खुवैरच्या त्यांच्या फ्लॅटवर दोन-चार जण जमत. त्यात नेमाने येणारा म्हणजे फेबियन. हा वसईचा, एका मोठ्या हॉटेलात मेजवान्यांची व्यवस्था बघणारा आणि चर्चमध्ये गिटार वाजवणारा. मिसेची प्रार्थना आटोपून तो तसाच यायचा. आधी शुभदाचे पोहे, मग जनार्दनचं प्रवचन. अमक्याचा आवाज पातळ, तमक्याचा चिकट, फलाण्याने घेतलेले स्पीकर म्हणजे पत्र्याच्या डब्यात सोडलेली माशी. फेबियन खो खो हसायचा. आपला संगीतातला अधिकार काय, हे जनार्दनला कुणी विचारलं नव्हतं. त्याला ना गाता येत होतं ना वाजवता. पण नावं ठेवण्यात इतका आत्मविश्वास असला की माणसं अधिकार धरूनच चालतात.

दोन हजार पाच साली ऑफिसात अनय सरदेशमुख आला. पुण्याचा, लग्न होऊन वर्षही न झालेला, कुणी काही सांगितलं की खरोखर ऐकून घेणारा. तो जनार्दनच्या हाताखाली लागला. पहिल्याच आठवड्यात दोघे शहराबाहेर रुसैलला एका गोदामाच्या वाढीव कामाची पाहणी करायला निघाले, तेव्हा अनयने खिशातून एक पत्र्याची डबी काढली आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली.

"काय रे ते?" जनार्दनने विचारलं.

"इअरफोन, सर. दादाने दिले लग्नात. तो सॅन होजेला असतो ना."

जनार्दनने डबी उघडली. त्याच्या इअरफोनच्याच कंपनीचे, पण पुढचे. एकेका कानात तीन-तीन स्पीकर. या मॉडेलबद्दल त्याने इंटरनेटवर वाचलं होतं आणि वाचता वाचता 'भरमसाट' असं म्हणून पान बंद केलं होतं.

"आणि ऐकतोस काय यावर?"

अनयने मोबाइल दाखवला. कुठूनतरी फुकट उतरवलेली सिनेमाची गाणी, दाबून दाबून चिपाड केलेली. जनार्दन मनात म्हणाला, चांदीच्या ताटात वडापाव. त्याला एकदम बरं वाटलं. वस्तू वरची असली तरी माणूस खालचाच होता.

रुसैलला पोचल्यावर अनय फोरमनला गाठायला गोदामात गेला. बाहेर ऊन नुसतं कडकडत होतं. "तू हो पुढे," जनार्दन म्हणाला, "मी बघतो जरा तुझं खेळणं." गाडीचा एसी चालू ठेवून त्याने स्वतःचा सीडी प्लेअर काढला, त्याला अनयचे इअरफोन जोडले आणि आपली नेहमीची मारव्याची सीडी लावली. ही सीडी त्याने इतक्यांदा ऐकली होती की गाणारी बाई कुठे खाकरते हेसुद्धा त्याला पाठ होतं.

बाईने सूर लावायच्या आधी श्वास घेतला. तो श्वास तिच्या डाव्या बाजूला, किंचित खाली वळून घेतलेला होता. तबलजीच्या बोटांमागून डग्ग्याच्या शाईवर तळवा घसरत गेला. आणि मागे तानपुरा... जनार्दन ताठ बसला. मागे एक तानपुरा नव्हताच, दोन होते. एक जरा जुना, जवारीला खरखरीत, आणि दुसरा उजवीकडे, मऊ. एवढी वर्षं आपण त्या दोघांना मिळून एकच समजत होतो. तो सगळा मारवा ऐकत राहिला. मध्ये एकदा त्याने स्वतःचे इअरफोन लावून तोच तुकडा पुन्हा ऐकला. बाई, तबला, पेटी, तानपुरे सगळे एकाच गोधडीखाली निजल्यासारखे. घाईघाईने त्याने परत अनयचे लावले.

काचेवर टकटक झाली. घामाने निथळलेला अनय आत येऊन बसला. "कसे वाटले, सर?"

हा क्षण खरं बोलायचा होता आणि अगदी सोपा होता. 'झकास आहेत, माझ्याहून सरस आहेत,' एवढं म्हटलं की झालं. पण समोरचा पोरगा कोण? सिनेमाची चिपाडं ऐकणारा. आणि शुक्रवारी फेबियनला काय सांगायचं? की तुमच्या खोपकरांचा निकाल कालच्या पोराच्या डबीने फिरवला?

जनार्दनने सावकाश इअरफोन उतरवले, वायर गुंडाळली आणि डबीचं झाकण लावलं.

"खर्जाला सूज आहे," तो म्हणाला.

"सूज?"

"खालचे सूर फुगलेत. नवख्याला आवडतं. भरल्यासारखं वाटतं ना! पण ते मांस नव्हे, सूज. कान तयार झाला की कळेल."

परतीच्या वाटेवर मध्येच एकदा अनयने इअरफोन लावले, डोळे बारीक केले आणि काढून ठेवले. आजारी माणसाकडे बघावं तसं तो डबीकडे बघत होता.

पुढचे पंधरा दिवस जनार्दनने स्वतःशी वाद घालण्यात घालवले. नवे घ्यावेत की नाही? मेव्हण्याला एक फोन केला की काम होण्यासारखं होतं. पण घेतले तर शुक्रवारी कानात दिसणार. दिसले की विचारणार. सूज म्हणालात आणि तेच घेतलेत? मग तो कारणं शोधू लागला. दोनाचे तीन स्पीकर म्हणजे नुसती भरताड. पुढच्या वर्षी चार येतील, मग पाच. माणसाने थांबावं कुठे? अशी हाव तर रुवीतल्या सोनं घेणाऱ्या बायकांची. हे सगळं पटण्यासारखं होतं, फक्त स्वतःचे जुने इअरफोन कानात घातले की पटेनासं व्हायचं. ती गोधडी आता त्याला सतत ऐकू येत होती. एकदा तर मारवा चालू असताना त्याने प्लेअर आपटून बंद केला.

"अहो, घ्यायचे तर घेऊन टाका ना," शुभदा म्हणाली. ती डाळ निवडत होती. "तोंड किती दिवस असं ठेवणार?"

"काय घेऊन टाका?"

"जे कॉम्प्युटरवर रोज उघडून बघता आणि मी आले की बंद करता ते."

"ते मी दोष शोधायला बघतो," जनार्दन म्हणाला.

शुभदाने खडा शोधून बाजूला टाकला.

अनयला त्याने शुक्रवारच्या बैठकीला बोलावलं होतं. बायकोलाही आण म्हणाला होता. त्यामुळे सई पण आली. ही बोलायला फटकळ आणि संगीताबद्दल संपूर्ण उदासीन. ती सरळ स्वयंपाकघरात शुभदाजवळ जाऊन बसली. पोहे झाले, आणि अनयने घसा साफ केला.

"सर, एक विचारू? तुम्ही म्हणालात तसं मला आता ऐकू येतंय. सूज. आधी कळत नव्हती, आता दुसरं काही कळतच नाही. मला माझे नकोसे झालेत." त्याने डबी टेबलावर ठेवली. "तुमचे मला द्याल का? म्हणजे अदलाबदल. माझे महाग आहेत, पण तुम्हाला त्याचं काय! तुम्हाला नको असतील तर नाही म्हणा."

जनार्दनच्या कपातला चहा बशीत सांडला.

"वेडा आहेस का," तो म्हणाला. आवाज त्यातल्या त्यात बरा लागला. "मला काय करायचेत ते?"

"खरंय सर. सॉरी."

अनयने डबीकडे हात नेला. तो हात डबीपर्यंत पोचायच्या आत जनार्दन म्हणाला, "पण... तुला शिकायचंय ना? शिकायला साधन चांगलं हवं." तो उठला, आतून आपले इअरफोन घेऊन आला आणि अनयच्या तळहातावर ठेवले. "घे. माझे कान काय, आता झालेत तयार. मी कशावरही भागवेन."

फेबियनने मांडीवर थाप मारली. "बॉस! याला काळीज लागतं, काळीज! चार वर्षं जपलेली वस्तू, आणि पोराला देऊन टाकली!"

स्वयंपाकघराच्या दारात शुभदा उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या डबीकडे, मग परत नवऱ्याकडे. जनार्दनने खिडकीबाहेर पाहिलं.

त्यानंतर महिनाभर तो सुखात होता. ऑफिसातून आला की दार लावून घ्यायचा आणि एकेक सीडी नव्याने ऐकायचा. कपाटातलं प्रत्येक गाणं जणू कुणी धुऊन, इस्त्री करून परत आणून ठेवलं होतं. पेटीवाल्याच्या भात्याचा उसासा, सारंगीवर नख फिरल्याची चुरचुर, श्रोत्यांत कुणीतरी हळूच म्हटलेलं 'हाय'. एकदा तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि नेमकी तेव्हाच शुभदा इस्त्रीचे कपडे ठेवायला आत आली.

"काय झालं?"

"काही नाही. सूज," तो म्हणाला आणि नाक पुसलं.

पण हे सुख कुणाला सांगता येईना, आणि न सांगता येणारं सुख जनार्दनला पचत नसे. जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे मस्कतमधला सगळ्यात चांगला आवाज होता आणि त्याबद्दल त्याला तोंड वाकडं करावं लागत होतं. फेबियन त्याची कीव करायचा. "कसं चालवतोस रे त्या सुजऱ्या इअरफोनवर?" तो विचारायचा. "माझ्या हॉटेलात एक पार्टी विसरून गेलीय एक जोडी, आणू का?" जनार्दनला दात ओठ खात 'चालतंय' म्हणावं लागे. आपली कीव यावी, तीही फेबियनला, ज्याची गिटार कधी सुरात नसते!

त्याहून वाईट अनयचं झालं. तो आता प्रवचन करू लागला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चार जणांना घेऊन बसायचा आणि जनार्दनचे जुने इअरफोन एकेकाच्या कानात घालून सांगायचा, "ऐका, कसा सडसडीत आहे खर्ज. जराही मेद नाही. खोपकर सरांनी दिलेत." अकाउंट्समधला एक जण तीन स्पीकरवाले मागवणार होता, त्याने अनयचं ऐकून बेत रद्द केला. सोहारच्या साइटवरून एकाने मुद्दाम फोन करून विचारलं, "खोपकर, ते सुजेचं खरं का?" जनार्दनला 'हो' म्हणावं लागलं. ज्या वस्तूवर तो जीव टाकत होता, तिला सगळ्या मस्कतभर बदनाम करायची मोहीम त्याच्याच नावाने चालू होती, आणि चालवणारा पोरगा दिवसेंदिवस त्याच्यासारखाच चेहरा करू लागला होता. दाढ दुखल्याचा.

शेवटी त्याने अनय-सईला शुक्रवारी दुपारी जेवायलाच बोलावलं. फेबियनही होताच. सुरमईचं कालवण झालं, सोलकढी झाली. मग जनार्दनने डबी आणि मारवा लावलेला सीडी प्लेअर आणला. बोलायचं काय ते त्याने ठरवून ठेवलं होतं.

"गंमत सांगू का अनय? हे मुरलेत."

"मुरलेत?"

"लोणचं मुरतं की नाही? तसं यंत्रपण मुरतं. मी इतके दिवस वाजवले ना. सूज पार उतरली. आता म्हणशील तर... आता ते माझ्या जुन्यांपेक्षासुद्धा काकणभर सरस वाटतात. ऐक तू."

अनयने दोन्ही हात नॅपकिनला पुसले, इअरफोन लावले आणि जनार्दनने शिकवलं होतं तसे डोळे मिटले. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मारवा संपत आला तेव्हा त्याने डोळे उघडले. चेहऱ्यावर दिलगिरी होती.

"सर, आहे अजून."

"काय आहे?"

"सूज. कमी झाली असेल थोडी. पण आहे."

"नीट ऐक! बाईचा श्वास ऐकू आला? दोन तानपुरे?"

"दोन कुठे, सर? एकच आहे. खर्ज फुगलाय म्हणून दोन वाटतात."

जनार्दन लालबुंद झाला. "अरे दोन आहेत! मी नंतर बघितलं, सीडीच्या वेष्टनावर तानपुऱ्यावरच्या दोघींची नावं छापलीत! आणि सूज नाही! नव्हतीच कधी! रुसैलला पहिल्यांदा ऐकले तेव्हाच मला कळलं होतं की हे माझ्यापेक्षा दसपट चांगले आहेत. मी खोटं बोललो तुला! कळलं? थाप मारली!"

सईने वाटीतला चमचा खाली ठेवला. अनय आधी गोंधळला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. जनार्दनला वाटलं, समजलं एकदाचं. पण अनय उठून त्याच्याजवळ आला आणि पाया पडण्याइतका वाकला.

"सर, चुकलं माझं," तो म्हणाला. "तुमची वस्तू मी त्या दिवशी मागायलाच नको होती. तुम्ही कधी नाही म्हणणार नाही, हे मला कळायला हवं होतं. आणि आता परत मागायची पण तुम्हाला लाज वाटतेय. म्हणून स्वतःवर खोटेपणा घेताय."

"अरे गाढवा, तसं नाहीये—"

"नाही सर. खलास. आता मी ऐकणार नाही." त्याने खिशातून जनार्दनचे जुने इअरफोन काढले, त्याच्या हातात कोंबले आणि टेबलावरची डबी उचलून स्वतःच्या खिशात टाकली. "माझं मी बघेन. मी सुजेवर भागवेन."

"काय माणूस आहे!" फेबियन म्हणाला. त्याने खरोखरच डोळे टिपले. कुणाला म्हणाला ते स्पष्ट झालं नाही.

जनार्दनने मदतीसाठी शुभदाकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. ती एक वाक्य बोलली असती तर अनयने ते मानलं असतं. शुभदाने सोलकढीचं भांडं उचललं आणि विचारलं, "सई, अजून घेतेस थोडी?"

"घेते, काकू," सई म्हणाली. "आणि अनय, तुला जर नाही आवडत तर ते मला दे. वॉशिंग मशीन चालू असतं तेव्हा घालेन. बाहेरचा आवाज काही म्हणजे काही येत नाही त्यात."

पाहुणे गेल्यावर जनार्दन बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. शुभदा भांडी आवरून बाहेर आली.

"तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं?"

"की मी खरं सांगतोय म्हणून."

"मला काय कळतं त्यातलं," शुभदा म्हणाली. "कान तयार नाहीत माझे."

ईदनंतर कंपनीने अनयला सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या नव्या कामावर पाठवलं. जाताना त्याने जनार्दनला एक मोठं शुभेच्छापत्र दिलं आणि 'माझे कान उघडल्याबद्दल' आभार मानले. सोहारला त्याने नवी मंडळी जमवली आहेत आणि दर शुक्रवारी तो त्यांना काय चिकट, काय पातळ ते समजावून सांगतो, अशी खबर फेबियनने आणली.

त्या हिवाळ्यात त्याने मेव्हण्याला फोन केला. तीन स्पीकरवाले हवेत, पण पार्सलवर वस्तूचं नाव नको, ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. पार्सल आलं. घरी न्यायची सोय नव्हती. शुभदा काही बोलणार नाही याचीच त्याला धास्ती होती. शुक्रवारच्या बैठकीत तो जुनेच लावून बसे आणि पूर्वीसारखीच सगळ्यांना नावं ठेवी, फक्त तेवढी गंमत आता येत नसे.

नव्यांसाठी त्याने दुपारची वेळ काढली होती. जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता ऑफिसमागच्या पत्र्याच्या शेडखाली लावलेल्या गाडीत जाऊन बसे, एसी सुरू करी, सीट मागे पाडी आणि डोळे मिटून मारवा लावी. एका दुपारी बाईने वरचा षड्ज लावला आणि काचेवर कुणीतरी जोरजोरात हात आपटला. जनार्दनला ऐकू आलं नाही. गाडी हलायला लागली तेव्हा त्याने डोळे उघडले. बाहेर शेजारच्या इमारतीचा पहारेकरी, म्हातारा सलीम, घाबऱ्या चेहऱ्याने दाराला धक्के देत होता.

जनार्दनने इअरफोन ओढून काढले, मांडीखाली सारले आणि काच खाली केली.

"सदीक! तमाम?" सलीमने अरबीत विचारलं, दोस्ता, ठीक आहेस ना. त्याला वाटलं होतं, गाडीत माणूस मेला.

"तमाम, तमाम," जनार्दन म्हणाला. "झोप लागली होती."

सलीमने खाली वाकून त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, मान हलवली आणि जाऊन त्याच्यासाठी थंड पाण्याची बाटली घेऊन आला. ती संपेपर्यंत तो दारापाशीच उभा राहिला.